तीनवर कापायचं

६ जानेवारी

फिल्म स्कूलमधल्या स्क्रीनप्लेच्या मॅडम म्हणाल्या, तुझी पात्रं डब केल्यासारखी बोलतात. रोज मराठीत डायरी लिही, जीभ सुटेल. म्हणून ही वही. माझी अख्खी शाळा इंग्लिश मीडियममध्ये गेली, त्यामुळे एकोणसत्तर म्हणजे साठच्या बाजूचं की सत्तरच्या, हे मी अजून बोटांवर करते. बाकी बोलायला मी कमी नाही, आईला विचारा.

आज प्रिन्सिपलनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, झालं, गेले मी. गेल्या टर्मला माझी टर्म फिल्म साफ पडली. कॉमेडी होती, बारा मिनिटांची. पूर्ण हॉलमध्ये एकदाच आवाज आला, तो कुणाच्या तरी शिंकेचा. तेव्हापासून वर्ग मला शिंक म्हणतो.

प्रिन्सिपल म्हणाले, "तुला एडिटिंगला ठेवायचं का, यावर स्टाफमध्ये बोलणं झालं. एक चान्स देतोय. वार्षिक शो तू कर."

वार्षिक शो म्हणजे एक जुना सिनेमा दाखवायचा, त्याच्या दिग्दर्शकाला बोलवायचं आणि सिनेमा संपला की स्टेजवर गप्पा. पाहुणा आणण्यापासून गप्पा मारण्यापर्यंत सगळं माझ्यावर. नीट झालं तर एडिटिंगची सीट राहील. नाही झालं तर थिअरीला बसायचं. म्हणजे इतरांनी कापलेल्या सिनेमांवर निबंध लिहायचे.

"कुणाला आणशील?"

मी विचारच केला नाही. "दगड."

प्रिन्सिपल हसले. दगड हे नाव इंडस्ट्रीने त्यांना पाठीमागे ठेवलेलं. सहा सिनेमे, सहाही कॉमेडी, आणि सेटवर लाइटवाल्यापर्यंत सगळे पोट धरून हसत असताना या माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. शेवटचा सिनेमा अकरा वर्षांपूर्वी. त्यानंतर ना मुलाखत, ना समारंभ.

"ते कुणाकडे जात नाहीत."

"विचारायला काय जातं, सर?"

१० जानेवारी

लायब्ररीत दगडची एक जुनी मुलाखत सापडली, चार पानांची. मी ती जवळजवळ खाल्ली.

त्यांची पद्धत अशी. पहिला कट तयार झाला की तीस अनोळखी लोक बोलवायचे. स्वतःची खुर्ची उलटी लावायची, पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड. लोक हसले की वहीत एक रेघ. आणि हसू कशामुळे आलं ते समजलं नाही, तर तो शॉट कापायचा. ‘जे हसू मला कळलं नाही ते माझं नाही.’ हे मी मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवलंय.

दुसरा नियम त्याहून भारी. त्यांचा सगळ्यात गाजलेला सिनेमा म्हणजे कुलूपवाल्याचा. एक माणूस कुणाच्या तरी घरी कुलूप दुरुस्त करायला येतो आणि त्याच खोलीत अडकतो. मग घरातला जो तो दाराबाहेरून त्याला आपला कुणीतरी समजून मनातलं सांगत बसतो. त्यात तो आतून तीनदा विचारतो, "बाहेर कुणी आहे का?" तिन्ही वेळा लोक खुर्चीवरून पडतात. मुलाखतीत दगड म्हणतात, चौथ्यांदापण शूट केलं होतं, मग कापलं. ‘चौथ्यांदा लोक हसत नाहीत. चौथ्यांदा त्यांना दया येते. दया आली की आपला धंदा बंद. तीनवर कापायचं.’

माझ्या फिल्ममध्ये माणूस केळीच्या सालावरून पाच वेळा घसरतो. आता कळलं.

१३ जानेवारी

आले. येतायत. ते येतायत.

मुलाखतीच्या जुन्या फाइलमध्ये घरचा नंबर होता. त्यांनी स्वतः उचलला. मी तीन पानं पाठ करून ठेवली होती, त्यातलं पहिलंच वाक्य झालं आणि ते म्हणाले, "येतो."

"सर?"

"येतो म्हटलं ना. कोणता सिनेमा दाखवताय?"

"कुलूपवाल्याचा, सर."

"हं. त्यातला कुत्रा चांगला होता."

मी घाबरत म्हटलं, "सर, त्यात कुत्रा नाहीये."

तिकडे एकदम शांत. मग म्हणाले, "म्हणून चांगला झाला तो."

मी फोन ठेवून पाच मिनिटं जमिनीवर बसून हसले. काय टायमिंग आहे या माणसाचं.

१७ जानेवारी

आज त्यांचा फोन. स्वतःहून. मी नाश्ता करत होते. "कोणता सिनेमा दाखवताय?"

"कुलूपवाल्याचा, सर."

"बरं. मी येतो."

बस. ठेवला. मला दोन मिनिटांनी लक्षात आलं की हा जोकचा पुढचा भाग आहे. सेटअप झाला होता तेरा तारखेला. बाई गं. चार दिवसांचा पॉझ घेतला त्यांनी.

२० जानेवारी

परत. तोच प्रश्न, तोच सूर, एका शब्दाचा फरक नाही. या वेळी मी तयार होते. विचारलं, "सर, आपले फोन रेकॉर्ड केले तर चालेल? शोसाठी." म्हणाले, "करा की, काय चोरीचं बोलतोय का आपण." मग थोडं थांबून, "शो कसला?"

मी खुर्चीवरून पडायची बाकी होते.

फोन स्पीकरवर होता. आई ड्युटीवर जायला निघाली होती, ती वॉर्डमध्ये सिस्टर आहे. दारात सँडल घालताना थांबली. मी म्हटलं, "ऐकलंस? असं खेचतायत माझी." आई हसली नाही. म्हणाली, "त्यांच्या घरी कोण असतं?"

हा काय प्रश्न आहे. आईला विनोद असा समजावून सांगावा लागतो, आणि समजावला की तो मरतो.

२५ जानेवारी

रेकॉर्ड सुरू केल्यापासून सात कॉल झालेत. एका दिवशी तर सकाळी आणि संध्याकाळी. मी सगळे ऐकले हेडफोन लावून आणि मला दिसलंच की हा टीझर आहे. काळा पडदा. फोनची रिंग. "कोणता सिनेमा दाखवताय?" मी उत्तर देते. कट. रिंग. "कोणता सिनेमा दाखवताय?" कट. रिंग. या वेळी मी उचलते आणि त्यांच्या आधी अर्धा सेकंद काहीच नाही, नुसता श्वास. मग तोच प्रश्न. मग शोची तारीख.

आधी सातही ठेवले होते. बघवेना. पाचव्यानंतर पोटात कसंतरी व्हायला लागलं. मला वाटलं, पेस गेला, म्हणजे वेग पडला. मग भिंतीवरचा कागद बघितला आणि उरलेले चार काढून टाकले. तीनवर कापलं, आणि काय चमकलं ते.

चष्म्याला दाखवलं. चष्मा म्हणजे आमचा साउंडवाला, माझा वर्गातला एकमेव मित्र. तो हसून हसून चष्मा पुसायला लागला. म्हणाला, "शिंके, तू पहिल्यांदा काहीतरी विनोदी केलंयस."

२८ जानेवारी

टीझर फिल्म स्कूलच्या पेजवर टाकला आणि पेटला. बाकीच्या कॉलेजांची पोरं पण शेअर करतायत. कँटीनमध्ये कुणी बिल द्यायला गेलं की मागून आवाज येतो, "कोणता सिनेमा दाखवताय?" हॉल तीनशे सीटचा, दोन दिवसांत फुल. प्रिन्सिपलनी कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर पाठ थोपटली. म्हणाले, "स्टेजवरपण हे झालं पाहिजे हं. लोक त्यासाठीच येतायत."

एडिटिंगची सीट माझीच. मी मनातल्या मनात खुर्चीवर नावपण लिहिलं.

१ फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट लिहिते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

दुपारी ऑफिसमधून निरोप आला, कुणीतरी भेटायला आलंय. एडिटिंग रूमबाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. म्हणाल्या, "तो टीझर तू केलास?"

मी खूश होऊन हो म्हटलं. मला वाटलं, पत्रकार.

"मी त्यांची मुलगी."

मी सरकून जागा केली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, समोरच्या फायर एक्स्टिंग्विशरकडे बघत होत्या. म्हणाल्या, "किती फोन आले होते तुला?"

"रेकॉर्ड केलेले सात."

"मग तीनच का ठेवलेस?"

मी तीनचा नियम सांगायला लागले. त्यांनाच, त्यांच्या वडिलांचा नियम. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू सात ठेवले असतेस ना, तर लोकांना कळलं असतं. तुलापण कळलं असतं."

खरं तर त्याच क्षणी कळलं होतं. कळलं नव्हतं असं नाहीच. पाचव्या कॉलला पोटात झालं होतं ते पेसमुळे नव्हतं.

मग त्या सांगत गेल्या. दोन वर्षं झाली. आधी नावं गेली, मग कालचा दिवस जायला लागला. जुनं सगळं आहे, तीस वर्षांपूर्वी कुठल्या शॉटला कुठली लेन्स होती ते सांगतात. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी त्यांनी मुलीचा हात धरून एवढंच मागितलं, की बाहेर कुणालाही कळता कामा नये. "लोकांनी माझ्याकडे दयेने बघितलं की मी संपलो." तिने शब्द दिला. म्हणून अकरा वर्षांतली शेवटची दोन वर्षं ते कुणाला भेटलेच नाहीत. मी फोन केला तेव्हा ती औषधं आणायला गेली होती. पंधरा मिनिटं.

मी म्हटलं, "ताई, मी कॅन्सल करते. आत्ता जाऊन सांगते."

"काय सांगशील? का कॅन्सल?"

मी उठले होते, परत बसले.

"आणि त्यांना काय सांगू? तुझा नंबर आणि तारीख त्यांनी फोनच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलीय. रोज सकाळी वाचतात. रोज सूट काढतात, घालतात, बसतात. मी रोज सांगते, आज नाही, अजून तेरा दिवस आहेत. कॅन्सल झालं तर ते मला रोज सांगावं लागेल. आणि त्यांना ते रोज पहिल्यांदाच कळेल."

मग त्या उठल्या. "आपण दोघी अडकलोय आता," म्हणाल्या. चिडून नाही, असंच, आजची तारीख सांगावी तसं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

३ फेब्रुवारी

प्रिन्सिपलकडे गेले. म्हटलं, सर, नुसता सिनेमा दाखवूया का? गप्पा नको. त्यांचं वय झालंय.

"वय झालंय म्हणजे? टीझरमध्ये तर तरुणांना लाजवतायत."

"टीझर काढूया का मग, सर? जरा जास्तच होतंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अगं, तूच केलास ना तो? तुझ्यात हाच प्रॉब्लेम आहे, हातातलं चांगलं तुला कळत नाही. जा, प्रश्नांची कार्डं लिही."

टीझर मी स्वतःच्या अकाउंटवरून काढला. काही उपयोग नाही. लोकांनी त्याचे तुकडे केलेत, गाणं लावलंय, रिंगटोन केलीय. चष्म्याच्या फोनची रिंगटोन तीच आहे. दर वेळी वाजली की मी दचकते. तो म्हणतो, "तुझाच आवाज आहे गं शेवटी, घाबरतेस काय."

त्यालापण सांगता येत नाही. ताईंना मीसुद्धा शब्द दिलाय.

४ फेब्रुवारी

सकाळी सातला फोन. "कोणता सिनेमा दाखवताय?"

मला बोलताच येईना. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "कुलूपवाल्याचा, साहेब. चौदा तारखेला दुपारी. सूट घालून या." तिकडून काहीतरी आलं, आई म्हणाली, "हो, तो निळाच."

फोन ठेवून माझ्या ताटलीत टोस्ट वाढला. म्हणाली, "परत विचारलं की पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यायचं. ‘आत्ताच सांगितलं ना’ असं कधी म्हणायचं नाही. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात."

"तुला माहीत होतं."

"तुला विचारलं होतं मी, घरी कोण असतं म्हणून."

आईला शब्द दिल्याचं सांगायची गरजच नव्हती. तिला काही सांगावं लागत नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे.

९ फेब्रुवारी

त्यांच्या घरी जाऊन आले. ताईंबरोबर प्लॅन केला. फक्त जुनं विचारायचं. पहिला कॅमेरा, पहिला सेट, उलटी खुर्ची. गेल्या दहा वर्षांतलं काही नाही. प्रेक्षकांचे प्रश्न नाहीत. मी प्रश्न असा विचारायचा की त्यातच अर्धं उत्तर असेल. चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं काय, मी चार तास करेन.

ते बाहेरच्या खोलीत निळा सूट घालून बसले होते, बूटपण. मला बघून उभे राहिले. मी वाकले तर म्हणाले, "कंबर दुखेल." मग लेन्सबद्दल बोलले वीस मिनिटं, एकेक नंबर बरोबर. मी विसरूनच गेले. मग खिशातून वही काढून म्हणाले, "कोणता सिनेमा दाखवताय?"

मी सांगितलं, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. नीट जमलं. तेवढं एकच जमलं.

निघताना ताई म्हणाल्या, "लोक हसले की ते घाबरतात आजकाल. समजत नाही ना, कशाला हसले ते. पूर्वी त्याच्यावर जगायचे."

१३ फेब्रुवारी

उद्या. कार्डं बावीस आहेत. चष्म्याने मुद्दाम एक माइक प्रेक्षकांकडे लावलाय, हसू रेकॉर्ड करायला.

१५ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही.

दुपारी तीनला हॉल भरला. पायऱ्यांवरपण पोरं. पहिल्या रांगेत प्रिन्सिपल, शाळेचे ट्रस्टी, आणि टोकाला ताई. दगड स्टेजवर आले तर तीनशे लोक उभे. त्यांनी टाळ्यांकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं आणि ती उचलून उलटी केली. पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड. गुडघ्यावर वही. मी बाजूच्या स्टुलावर. अख्खा सिनेमा त्यांनी असाच बघितला, म्हणजे बघितलाच नाही. लोक हसले की रेघ. एकही चुकली नाही. त्या दीड तासात मला वाटलं, सगळं ठीक होणार.

सिनेमा संपला, लाइट लागले, माइक दिले. पहिला कॅमेरा विचारला. त्यांनी असं सांगितलं की हॉल गार. उलटी खुर्ची विचारली. "पडद्यावर काय आहे ते मला माहीत असतं. लोकांच्या तोंडावर काय आहे ते मला बघायचं असतं." टाळ्या. मी ताईंकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, बारीकशी.

मग ते माझ्याकडे वळले, डोकं किंचित डावीकडे कलतं केलं, आणि माइकमध्ये म्हणाले, "कोणता सिनेमा दाखवताय?"

हॉल फुटला. दीड तास तो सिनेमा बघून झाला होता ना. पोरं पाय आपटत होती. मी म्हटलं, "कुलूपवाल्याचा, सर," तर आणखी हसले. टीझर चालू झालाय असं सगळ्यांना वाटलं.

त्यांनी रेघ मारली नाही. पेन वहीवर तसंच.

मी घाईघाईने पुढचं कार्ड. पहिला सेट. छान बोलले, पण आता बोलताना लोकांकडे बघत होते, चेहऱ्यांवरून चेहऱ्यांवर, काहीतरी शोधल्यासारखं. पाच मिनिटांनी डोकं डावीकडे. "कोणता सिनेमा दाखवताय?"

पहिल्यापेक्षा मोठं हसू. मागून कुणीतरी फोनवर तीच रिंगटोन वाजवली. त्यांनी तळव्याने माइक झाकला आणि माझ्याकडे वाकले. "का हसले?"

मी म्हटलं, "तुमचं टायमिंग, सर."

"मी काय केलं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग वहीत त्यांनी एक रेघ काढली आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. कोटाचं मधलं बटण धरून बसले, मुठीत घट्ट. एवढ्या जवळून फक्त मला दिसत होतं. तीनशे लोक त्यांच्यासाठी आलेले, दोन्ही दारं उघडी, आणि तो माणूस त्या खुर्चीत अडकला होता. आणि अडकवलं कुणी होतं, तर मी, एका टीझरने, एका महिन्यात.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हसण्यात टाळ्या मिसळल्या. प्रिन्सिपल डोळे पुसत होते. मी हॉलकडे बघितलं आणि मला ते दिसलं. तिसऱ्या-चौथ्या रांगेत एक बाई हसता हसता थांबली होती. शेजारच्याकडे बघत होती. एक म्हातारे गृहस्थ पण. हसू अजून चालू होतं, पण कडेने विझायला लागलं होतं. नियम आहे ना. चौथ्यांदा दया येते. आता चौथ्यांदा आलं की तीनशे जणांना एकदम कळणार.

मी नंबर न बघता कार्ड उचललं, काय विचारलं आठवत नाही. ते उत्तर देता देता थांबले. डोकं डावीकडे कलायला लागलं.

मी त्यांच्या आधी माइक तोंडाला लावला आणि म्हटलं, "सर, आपण आत्ता कोणता सिनेमा बघितला?"

मग कुठूनतरी हुंकारल्यासारखं हसू. ते माझ्याकडे बघायला लागले, वरपासून खालपर्यंत, शांतपणे. म्हणाले, "मला काय विचारतेस? कार्यक्रम तुझा आहे."

हॉल कोसळला. पण हे हसू माझ्यावर होतं. त्यांना ते कळलं. ताबडतोब कळलं, मला त्यांच्या खांद्यात दिसलं. मुठीतलं बटण सोडलं त्यांनी.

मग मी थांबलेच नाही. झालेलाच प्रश्न परत विचारला. ते म्हणाले, "हे सांगून झालं. तेव्हा तू कुठे होतीस?" मी कार्डं पाडली, गोळा केली, उलटी वाचली. त्यांना विचारलं, सर, तुमचा पहिला सिनेमा सातवा का? पाण्याचा ग्लास त्यांच्याऐवजी मीच पिऊन टाकला. दर वेळी ते आपला तो दगडाचा चेहरा घेऊन एक वाक्य टाकायचे आणि लोक वाकायचे. पंचवीस मिनिटं मी तीनशे लोकांसमोर ठार मूर्ख होते. आणि ते रेघा मारत होते, एकामागून एक, प्रश्नचिन्ह न काढता.

शेवटी सगळे उभे राहिले. ताई बसून होत्या, तोंडावर रुमाल.

१६ फेब्रुवारी

केबिन.

"नर्व्हस व्हायला होतं, मान्य. पण एवढं? पाहुण्यांचाच जोक होता तो, लोक त्याच्यासाठी आले होते, आणि तू मध्येच घुसलीस. ट्रस्टी विचारत होते, ही मुलगी बरी आहे ना? त्यांनी सांभाळून घेतलं म्हणून निभावलं. नाहीतर शाळेची अब्रू गेली होती."

मी म्हटलं, "हो सर."

"तुला काही सांगायचंय?"

खूप होतं. जिभेवर आलं होतं. एका वाक्यात सीट परत मिळाली असती.

"नाही सर."

सोमवारपासून थिअरी. खोली नंबर नऊ. खिडकी उघडत नाही तिची.

बाहेर चष्मा उभा होता. त्याने ऐकलं असणार. एक कागद दिला. प्रेक्षकांकडच्या माइकवरून त्याने हसू मोजलं होतं, दगडसारख्याच रेघा मारून. दोन्ही बाजूंनी भरलेला कागद. म्हणाला, "शिंके, हे शेवटच्या पंचवीस मिनिटांतलंच आहे." मी घडी करून वहीत ठेवला. मोजलं नाही. त्यांच्या उत्तरांवर हसले लोक, माझ्यामुळे थोडंच.

त्याने रिंगटोन बदललीय. का ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

१८ फेब्रुवारी

ताईंचा फोन. कसं आहे वगैरे झालं. मग म्हणाल्या, "तुला एक सांगायचंय, हसशील का रडशील माहीत नाही. त्या दिवशी गाडीत बसलो, पंधरा मिनिटं बाबा गप्प. मला वाटलं, दमले. मग एकदम म्हणाले, अगं, ती मुलगी फार विसरते. इतकी तरुण आहे. तिच्या घरच्यांना सांग, वेळेवर कुणाला तरी दाखवा."

मी हसले.

"सूट?" मी विचारलं.

"घालतात अजून. वहीतलं पान फाडायला माझा हात होत नाही."

२४ फेब्रुवारी

खोली नंबर नऊ. आज ‘विनोद आणि करुणा’ यावर निबंध, वीस पानी. मी दोन ओळी लिहिल्या आणि बसून राहिले.

२७ फेब्रुवारी

सकाळी सातला फोन वाजला. आई चहा गाळत होती, तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

मी उचलला. तिकडे श्वास. मग म्हणाले, "तू ती विसरणारी मुलगी का?"

मी उभीच राहिले. त्यांना कालचं जेवण आठवत नाही, ताईंचं नाव अधूनमधून जातं. "हो सर," मी म्हटलं. "तीच."

"आता बरी आहेस?"

"आता बरं आहे, सर."

"काळजी करायची नाही. मला विचारत जा. मी सांगेन." मग थोडा वेळ काहीच नाही. डोकं डावीकडे कललं असणार, मला इथून दिसलं. "बरं, कोणता सिनेमा दाखवताय?"

"कुलूपवाल्याचा, सर."

"हं," म्हणाले. "त्यातला कुत्रा चांगला होता."

"हो सर," मी म्हटलं. "फार चांगला होता."